ठाण्याच्या निकालावर दुसरं अपील: एकल न्यायमूर्तींपुढे काय चालतं?

ठाणे जिल्हा न्यायालयाने दिवाणी दाव्यातलं पहिलं अपील फेटाळलं, की दुसरं अपील मुंबई उच्च न्यायालयात, एकल न्यायमूर्तींपुढे. मुदत 90 दिवस. निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, अर्जाला तुम्ही लावलेला उशीर नाही.

खरी मेख दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये आहे. ‘साक्षीदार खोटं बोलला’ एवढं इथे पुरत नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. उदाहरणार्थ, ‘नोंदणी नसलेल्या विक्रीखतावरून फ्लॅटची मालकी ठरवता येते का?’ असा प्रश्न अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जात, नेमक्या शब्दांत लिहा. तो नसेल तर दाखल करून घेण्याच्या सुनावणीतच अपील फेटाळलं जातं, आणि वर्षानुवर्षांची लढाई तिथेच संपते.

एकल न्यायमूर्तींच्या निकालावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे (एकापेक्षा जास्त न्यायमूर्तींपुढे) अपील नाही. त्याच संहितेचं कलम 100-अ आडवं येतं. पुढे थेट सर्वोच्च न्यायालय.