मक्याचं पान वाचा, मगच युरिया टाका

मका वीत-दीड वीत झाला आणि पिवळा दिसला की आपला हात पहिल्यांदा युरियाच्या गोणीकडे जातो. जरा थांबा. आधी पिवळेपणा कोणत्या पानावर आहे ते बघा.

खालची, जुनी पानं टोकाकडून मधल्या शिरेलगत उलट्या व्हीसारखी पिवळी पडत असतील, तर नत्र (नायट्रोजन) कमी. तिथे युरिया बरोबर. त्याच खालच्या पानांच्या फक्त कडा करपल्या, तर पालाश (पोटॅश) कमी.

पण वरच्या कोवळ्या पानांवर, बुडाकडच्या भागात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसले, तर ती जस्ताची (झिंकची) कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ही हमखास दिसते आणि स्फुरद (फॉस्फरस) जास्त टाकलं असेल तर आणखी वाढते. इथे युरिया ओतून पट्टे जात नाहीत, पैसे मात्र जातात! १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेल्या चुन्याची गाळलेली निवळी मिसळून फवारा. चुना वगळू नका, नाहीतर पानं भाजतात. पुढच्या पेरणीला एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या, पण डीएपी या स्फुरदाच्या खतात मिसळून नको.

रब्बीत थंडीमुळे रोपं जांभळी दिसली तर लगेच घाबरू नका. गार जमिनीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही. ऊब वाढली की नवी पानं बहुधा हिरवी येतात.