अहवालातला एक आकडा लोकांपर्यंत कसा न्यायचा

अहवाल छापून आला की मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली लिंक टाकायची, ही सवय आधी मोडा. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या धोरण संशोधन संस्थेचं सोशल मीडियाचं काम बघते. पाणी, बस, महापालिकेचा अर्थसंकल्प हे आमचे विषय. माझं ठाम मत आहे की संस्थेची प्रसिद्धी करायला बसलात तर कुणी वाचत नाही. लोकांना पडलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंत, तर ते संस्थेचं नाव लक्षात ठेवतात.

अख्ख्या अहवालातून एकच आकडा उचला. उदाहरणार्थ, केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००८ च्या सेवा निकषांत शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी धरलं आहे. अहवालात हे ‘१३५ एलपीसीडी’ असं असतं. पोस्टमध्ये लिहा : ‘१५ लिटरच्या नऊ बादल्या, माणशी, रोज. तुमच्या घरी किती येतात?’ ठाण्यातल्या दिवा आणि घोडबंदर रोड या भागांतून उत्तरं येतील, टँकरची बिलं येतील. ती मनापासून वाचा, प्रत्येकाला उत्तर द्या, पण त्यांचा ‘सर्व्हे’ म्हणून तक्ता करू नका. ज्याला त्रास आहे तोच जास्त लिहितो. ते नमुना सर्वेक्षण नव्हे. आमची किंमत याच काटेकोरपणात आहे.

सगळ्यात जास्त वेळ चित्रावर घालवा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमची लिंक जात नाही, स्क्रीनशॉट जातो. खालचा मजकूर गळून पडतो, चित्र एकटंच फिरतं. म्हणून शहराचं नाव, आकडा कोणत्या वर्षाचा, कोणत्या कागदातला आणि संस्थेचं नाव हे चारही चित्राच्या आतच हवं, मोबाइलवर न ताणता वाचता येईल एवढ्या अक्षरात. शहराचं नाव विसरलात तर वाशीचा माणूस म्हणणार, ‘आमच्याकडे पाणी आहे की!’ बरोबरच आहे त्याचं; नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, ठाण्याकडे तसं नाही. तुलना केलीत की यावर वाद होणारच. उत्तराचा मसुदा आधीच तयार ठेवा.

वेळ कशी साधायची, हे दिल्लीच्या दोन संस्थांकडून शिकावं. संसदेत विधेयक मांडलं गेलं की पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था त्याचा सोप्या भाषेतला सारांश देते. एडीआर, म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांतली माहिती मतदानाच्या आधी लोकांसमोर ठेवते. दोघींचा वाचक त्या क्षणी काहीतरी ठरवायच्या बेतात असतो. आपल्याकडे तो क्षण म्हणजे आयुक्त अर्थसंकल्प मांडतात तो आठवडा. तेव्हा अहवाल तयार नसेल तर मागच्या वर्षीची तरतूद आणि झालेला खर्च एवढं शेजारी शेजारी ठेवलं तरी पुरतं.

कुठे टाकायचं? वार्ताहर आणि अधिकारी एक्सवर, रहिवासी फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, देणगीदार लिंक्डइनवर. शहराच्या पानाच्या वार्ताहराला मात्र एक्सेलची फाइल थेट पाठवा. त्याला तुमच्या रंगीत चित्राचा उपयोग नाही.

पोस्ट टाकण्याआधी आकडे संबंधित विभागाला पाठवा आणि दोन दिवस थांबा. त्यांचं म्हणणं आलं तर तेही छापा. ‘ढिसाळ’, ‘भोंगळ’ ही विशेषणं काढून टाका; पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने ती वाचली की पुढच्या वेळी तो फोन उचलत नाही, आणि आमचं निम्मं काम त्या फोनवर चालतं. अभ्यासाला पैसे कुणी दिले तेही लिहा, कुणी विचारायच्या आधी.

आकडा चुकीचा निघाला तर पोस्ट गुपचूप उडवू नका. फिरलेलं चित्र परत घेता येत नाही. त्याच मांडणीत, वर ठळक ‘सुधारित’ आणि तारीख घालून नवं चित्र करा, आणि जिथे जिथे पहिलं पाठवलं होतं त्या प्रत्येक ग्रुपवर स्वतः पाठवा.