छोट्या फळीवरच्या मॉडेल रेल्वेसाठी टर्नआउट कसे निवडावेत?

भिंतीला ठोकलेल्या साडेपाच फूट लांब आणि जेमतेम फूटभर रुंद फळीवर गोल फिरणारी गाडी बसत नाही. तिथे रंगतं ते शंटिंग, म्हणजे डबे मागेपुढे करून हवी तशी गाडी जोडणं. शंटिंगला दोन-तीन टर्नआउट, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो ते सांधे, लागतात, आणि नवखे लोक हमखास आधी ते विकत घेतात, मग आराखडा त्यांच्याभोवती ओढून-ताणून बसवतात. क्रम उलटा हवा. आधी डबे मोजायचे, मग फळी, आणि टर्नआउट सगळ्यात शेवटी. इथली सगळी मापं एचओ स्केलची आहेत, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आणि गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी. पुण्यातल्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयातल्या गाड्या पाहिल्या असतील तर हा आकार नजरेत असेलच.

१. आराखडा ठरवा

पहिल्या फळीसाठी ब्रिटिश मॉडेलकार अ‍ॅलन राइट यांचा ‘इंगलनुक’ घ्या. दोन टर्नआउट, तीन सायडिंग (डबे उभे करायचे रूळ) आणि एक शंटिंग नेक (इंजिनाने मागेपुढे करायला राखलेला रूळ), बस्स. एका सायडिंगवर ५ डबे मावतात, उरलेल्या दोन्हींवर ३-३. नेकवर इंजिन आणि ३ डबे. एकूण ८ डब्यांतून ठरलेल्या क्रमाने ५ डब्यांची गाडी बांधायची. असे क्रम ६,७२० होतात, त्यामुळे कंटाळा यायला बराच वेळ आहे. डबल स्लिप आणि थ्री-वे असे गुंतागुंतीचे टर्नआउट कॅटलॉगमध्ये फार गोड दिसतात. पहिल्या फळीवर त्यांच्या नादी लागू नका.

२. डबे मोजा

आपल्या मालगाडीचा बॉक्सएन हा उघडा डबा कपलरसकट (जोडणीच्या आकड्यांसकट) १०.७१३ मीटर लांब असतो. एचओमध्ये तो भरतो साधारण १२.३ सेंमी. म्हणजे ५ डब्यांना ६२ सेंमी, ३ डब्यांना ३७. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन सुमारे २० सेंमी धरा. नेक झाला ५७. थोडी सैल जागा ठेवून ६० करा. मॉडेलचे कपलर खऱ्याच्या प्रमाणापेक्षा मोठे असतात, म्हणून कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. डबे जोडून टेबलावर ठेवा आणि टेप लावा.

३. नंबर आणि त्रिज्या

अमेरिकी पद्धतीत टर्नआउटला नंबर असतो. नंबर ४ म्हणजे चार सेंमी पुढे गेल्यावर रूळ एक सेंमी फाकतो; नंबर ६ म्हणजे सहा सेंमीला एक. खऱ्या भारतीय रेल्वेत १:८.५ आणि १:१२ चे टर्नआउट सर्रास असतात. फळीवर तो हट्ट धरला तर टर्नआउटच उरतील, डबे ठेवायला जागा राहणार नाही.

ब्रिटिश कंपनी पेको त्रिज्या सांगते. तिच्या स्ट्रीमलाइन मालिकेत स्मॉल २४ इंच, मीडियम ३६ आणि लार्ज ६० इंच. तिन्हींचा फाटा १२ अंशांनीच निघतो, त्यामुळे आराखड्यात एकाच्या जागी दुसरा टाकता येतो. स्मॉलची लांबी १८.५ सेंमी, मीडियमची २१.९.

मग स्मॉल की मीडियम? त्रिज्या तुमच्या सर्वांत लांब वाहनाच्या किमान तिप्पट असावी, हा ठोकताळा पुरेसा आहे. २४ इंच म्हणजे ६१ सेंमी. २० सेंमीचं इंजिन त्यात काठावर पास होतं, बॉक्सएन तर आरामात. पण आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याचा) प्रवासी डबा एचओमध्ये २५.६ सेंमी भरतो. तो आणायचा असेल तर मीडियम घ्या. नुसत्या मालडब्यांसाठी मीडियम घेणं म्हणजे जागा उधळणं.

४. फाउलिंग मार्क शोधा

फाउलिंग मार्क म्हणजे ज्याच्या अलीकडे डबा उभा केला तर शेजारच्या रुळावरची गाडी त्याला घासते ती खूण. बहुतेक आराखडे इथे गंडतात. टर्नआउट संपला म्हणजे सायडिंग सुरू झाली, असं होत नाही. शेजारच्या रुळावरून जाणारा डबा उभ्या डब्याला घासणार नाही एवढं अंतर पडेपर्यंतची जागा फुकट जाते. सुरक्षित म्हणून दोन रुळांच्या मध्यरेषांत ५ सेंमी धरा. हे अंतर पडायला फाटा जिथून फुटतो तिथून नंबर ४ ला २० सेंमी लागतात, नंबर ६ ला ३०, आणि १२ अंशांच्या पेकोला साडेतेवीस. यातला काही भाग टर्नआउटच्या आतच येतो. स्मॉलच्या पुढे साधारण १३ सेंमी उरतात.

आता बेरीज करा. नेक ६०, टर्नआउट १८.५, फुकट जागा १३, पाच डबे ६२. झाले १५३.५. फळी आहे १६८ सेंमीची, बफर स्टॉपला, म्हणजे रुळाच्या टोकाच्या अडथळ्याला, जागा उरली. दुसऱ्या टर्नआउटपुढच्या तीन डब्यांच्या सायडिंगची बेरीज १४७ येते, म्हणजे तीही बसली. आता तिथेच सुमारे ३० सेंमी लांबीचे दोन नंबर ६ घालून पाहा. आकडा १७० च्या वर जातो.

पेकोच्या संकेतस्थळावर टर्नआउटचे पूर्ण मापाचे नकाशे फुकट मिळतात. ते १०० टक्के मापात छापा, छापलेल्या कागदाला पट्टी लावून खात्री करा, आणि फळीवर चिकटवा. त्यावर डबे उभे करा, दुसऱ्या रुळावरून एक डबा हाताने सरकवा, जिथे घासतो तिथे पेन्सिलने खूण. एक पैसा खर्च न करता अर्धं काम होतं.

५. डावा की उजवा

पातीच्या (सरकणाऱ्या टोकदार रुळांच्या) बाजूने फ्रॉगकडे, म्हणजे आतले रूळ एकमेकांना छेदतात तिकडे, बघायचं. फाटा ज्या हाताला वळतो तो टर्नआउटचा हात. इंगलनुकसाठी एक डावा आणि एक उजवा घ्या, आणि दुसरा पहिल्याच्या सरळ रुळावर बसवा. दुसरा फाट्यावर बसवून लगेच उलट्या हाताला वळवला तर ‘एस’ आकाराचं वळण तयार होतं, आणि मागे ढकलताना डबे तिथेच पडतात. शंटिंगमध्ये निम्मा वेळ ढकलण्यातच जातो.

६. पैसे फ्रॉगवर घाला, मोटरवर नको

शंटिंग मुंगीच्या चालीने होतं. प्लास्टिकच्या, वीज नसलेल्या फ्रॉगवर छोटं इंजिन मध्येच थांबतं आणि बोटाने ढकलावं लागतं. मग सगळी मजाच जाते. पेकोचे इलेक्ट्रोफ्रॉग किंवा युनिफ्रॉग टर्नआउट घ्या, त्यांच्या फ्रॉगला वीज देता येते. इलेक्ट्रोफ्रॉगच्या पुढच्या रुळांनाही वेगळा वीजपुरवठा देणार असाल, तर फ्रॉगमधून निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जॉइनर (रूळ जोडणारे तुकडे) हवेतच, नाहीतर शॉर्ट ठरलेला. युनिफ्रॉगला वायर दिलेली असते. ती मोकळी न सोडता फ्रॉगची वीज बदलणाऱ्या स्विचला जोडा.

फूटभर रुंदीच्या फळीवर हात सगळीकडे पोचतो, म्हणून पाती हलवणाऱ्या मोटरची घाई नको. पेकोच्या पातीला स्प्रिंग असते, बोटाने ढकलली की टक्कन बसते. अमेरिकी कंपनी अ‍ॅटलसच्या बऱ्याच टर्नआउटना ती नसते, त्यांना वेगळा खटका लागतो. पुढेमागे हौस वाटलीच तर छोटे सर्वो मोटर पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

७. घेताना आणि बसवण्याआधी

रुळाचा कोड एकच ठेवा. कोड १०० म्हणजे रुळाची उंची ०.१०० इंच, कोड ७५ म्हणजे ०.०७५, दोन्ही मिसळले की खास जॉइनर शोधत बसावं लागतं. टर्नआउट हातात आला की पातीच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं तर चाकही अडकेल. पाती रुळाला नीट चिकटलीय का बघा आणि टोक बारीक फाइलने हलकेच घासा. मग सुट्या रुळांवर तो मांडून सगळे डबे एकत्र जोडा आणि दोन्ही फाट्यांतून उलटे ढकला, आधी सावकाश, मग जरा जोरात. एकच डबा पुन्हा पुन्हा घसरत असेल तर दोष बहुधा त्याच्या चाकांत आहे. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर टर्नआउट बदलून घ्या. खडी आणि गोंद पडल्यावर तो दुकानदार परत घेणार नाही.