घास अडकण्याच्या आजारात औषध लागू पडत नाही? या चुका टाळा

माझा पुतण्या जेवायला बसला की ताटाशेजारी पाण्याचा तांब्या लागायचाच. पोळीचा घास, वर पाण्याचा घोट. दोन पोळ्यांना पाऊण तास. ‘चावून खातो, गुणाचा आहे,’ असं आम्ही कौतुक करत राहिलो, ही आमची पहिली चूक. घास उतरत नव्हता म्हणून तो असं जेवत होता.

आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. बहुधा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाच्या ॲलर्जीमुळे अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साचतात. सूज वर्षानुवर्षं राहिली तर नळी ताठ आणि अरुंद होते. ऑपरेशन सहसा लागत नाही. अरुंद झालेली नळीसुद्धा दुर्बिणीतून (एंडोस्कोपीतून) फुगा घालून रुंद करता येते, पण त्यानं आतली सूज जात नाही, औषध किंवा पथ्य चालूच ठेवावं लागतं.

दुर्बिणीतून नळी कधी कधी अगदी नीट दिसते. म्हणून वेगवेगळ्या जागचे, साधारण सहा तुकडे बायोप्सीला गेलेत ना, हे विचारून घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा पंपाचा होतो. फ्लुटिकासोन या सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा पंप दम्याचाच, पण इथं औषध फुप्फुसात न्यायचं नसतं, गिळायचं असतं. आमचा पुतण्या ओट्यापाशी उभा राहून, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, छातीभर श्वास ओढायचा आणि लगेच हळदीचं दूध प्यायचा. “काकू, आत जातंय की!” जात होतं, पण भलत्याच नळीत. आणि अन्ननलिकेत जे थोडं उतरलं असेल तेही दुधाबरोबर धुऊन जात होतं. स्पेसर काढायचा, श्वास रोखून तोंडात फवारा मारायचा, गिळायचा. मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही. त्यानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. रात्री झोपण्यापूर्वीची वेळ उत्तम.

ॲसिडिटीच्या गोळ्याही या आजारात खरंच उपयोगी पडतात, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मात्रेत, जेवणाआधी, आठ ते बारा आठवडे. पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

पथ्यात दूध बंद करणं हा चांगला पहिला प्रयोग आहे, पण इंदुरात दूध कुठे कुठे लपतं ते आम्हाला उशिरा कळलं. घरातला चहा काळा झाला आणि सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस, इंदुरी शिकंजी चालूच! दोन्हींत दूध. म्हशीचं, शेळीचं किंवा लॅक्टोजविरहित दूधही चालत नाही, कारण भांडण प्रथिनाशी आहे. त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीवर विसंबून भलतेच पदार्थ तोडू नका. या आजारात ती नेमकं कारण सहसा दाखवत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचं ताट आहारतज्ज्ञांना विचारूनच बदला.

एवढं करूनही सूज हटली नाही तर डुपिलुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत या आजारासाठी त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

आणि पुन्हा दुर्बीण टाळू नका. त्रास कमी झाला तरी आत सूज असू शकते. प्रत्येक उपचारानंतर दोन-तीन महिन्यांनी तुकडे तपासले तरच खरं कळतं.

घास अडकला आणि लाळही गिळता येईना, तर केळं, भाताचा गोळा किंवा पाणी देऊन तो ढकलू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्या.