मूळ संख्यांच्या लाटा एक्सेलमध्ये कशा पाहाव्यात

रीमानने १८५९ मध्ये मूळ संख्यांची मोजणी झीटा फलनाच्या शून्यांशी, म्हणजे ज्या संमिश्र संख्यांवर त्या फलनाची किंमत शून्य होते त्यांच्याशी, जोडली. प्रत्येक शून्यामागे एक लाट असते. अशा दहा लाटा एकत्र केल्या तरी आलेखात मूळ संख्या शिखरांच्या रूपाने डोकं वर काढू लागतात.

पहिल्या दहा शून्यांचे काल्पनिक भाग एका ओळीत भरा: १४.१३४७, २१.०२२०, २५.०१०९, ३०.४२४९, ३२.९३५१, ३७.५८६२, ४०.९१८७, ४३.३२७१, ४८.००५२, ४९.७७३८. चार दशांश स्थळं पुरेशी आहेत. पहिल्या स्तंभात क्ष च्या किमती १.५ पासून ३० पर्यंत, ०.०५ च्या टप्प्याने घ्या. १ पासून सुरुवात करू नका. तिथे सगळ्या लाटा एकाच वेळी माथ्यावर असतात आणि (पुढे सांगितल्याप्रमाणे चिन्ह बदलल्यावर) बेरीज उणे १० होऊन आलेखाची पट्टी बिघडते.

आता प्रत्येक क्ष साठी त्याचा नैसर्गिक लॉगरिदम काढा, त्याला वर भरलेल्या प्रत्येक काल्पनिक भागाने गुणा, गुणाकाराचं कोसाइन घ्या, दहाही कोसाइनांची बेरीज करा आणि तिचं चिन्ह बदला. चिन्ह विसरलात तर शिखरांच्या जागी खड्डे दिसतील.

ताळा असा: क्ष = ५ ला उत्तर सुमारे ४.१२ येतं, कारण दहापैकी आठ लाटा ऋण बाजूला असतात. क्ष = ६ ला त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतं फक्त उणे ०.१०. आकडे जुळले नाहीत तर बहुतेक वेळा 'एलएन'ऐवजी 'लॉग' वापरलेलं असतं. एक्सेलमध्ये नुसतं 'लॉग' म्हणजे पाया १०. कोन रेडियनमध्येच ठेवा, अंशांत बदलू नका.

४, ८, ९ लाही उंचवटे येतात. ती चूक नव्हे, मूळ संख्यांचे घातही या लाटांत असतातच. मात्र ८ चा उंचवटा ७ च्या साधारण एक तृतीयांशच असायला हवा. दहा लाटांत हे प्रमाण नीट उमटत नाही, लाटा वाढवल्या की सुधारतं.

२९ आणि ३१ स्पष्ट सुटे दिसायला हवे असतील तर क्ष ३१ च्या थोडा पुढे न्या आणि काल्पनिक भाग १०० च्या आत असलेली सगळी २९ शून्यं घ्या. पायथॉन या संगणकीय भाषेच्या एमपीमॅथ या गणिती संचातलं 'झीटाझीरो' ती काढून देतं. शून्यं वाढली की टप्पाही ०.०१ वर आणा, नाहीतर वेगवान लाटा दोन टप्प्यांच्या मधे निसटतात आणि खोटी शिखरं उगवतात.

या लाटांना 'हार्मोनिक' म्हणायची पद्धत आहे, पण सैलपणे. खऱ्या हार्मोनिक्स मूळ कंपनसंख्येच्या पूर्ण पटीत असतात. इथे दुसऱ्या शून्याचं पहिल्याशी गुणोत्तर १.४८७ आहे, षड्ज-पंचमाच्या १.५ ला चाटून गेलेलं, आणि पुढची तर तेवढीही सुरात नाहीत. शिवाय या लाटा क्ष वर नव्हे, त्याच्या लॉगरिदमवर समान अंतराने फिरतात: क्ष सुमारे १.५६ पट झाला की पहिल्या लाटेचं एक आवर्तन पुरं होतं.