पिकअप थरथरते? पार्ट बदलण्याआधी हे बघा

आमच्या पिकअपचं व्हील बॅलन्सिंग तीनदा झालं, दोन टायर नवे पडले, तरी ताशी 60 नंतर सीटखालची थरथर काही जाईना. पैसे वाया घालवल्यावर शिकलो ते सांगतो.

आधी गाडी उभीच ठेवून न्यूट्रलमध्ये रेस करा. इथेच थरथरली तर चाकांना हात लावू नका. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन रबर बघा, नाहीतर मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल.

मग मोकळ्या, सरळ रस्त्याला घ्या. थरथर सुरू झाली की न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका, ब्रेक जड होतो. थरथर तशीच राहिली तर चाक नाहीतर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर डिस्क किंवा ड्रम.

चाक की शाफ्ट, हे अंगाला कळतं. ताशी 80 ला चाक सेकंदाला साधारण 10 फेऱ्या घेतं, शाफ्ट त्याच्या जवळपास चौपट. म्हणून चाक धडधडतं, आणि शाफ्ट व्हायब्रेटवरच्या मोबाईलसारखा गुणगुणतो. स्टीअरिंग हललं तर बहुधा पुढची चाकं, बूड हललं तर मागची.

रिमच्या आत वाळलेला चिखल खरवडा. शेतात जाणाऱ्या गाडीला हा असतोच. टायरवर हात फिरवून फुगा चाचपा. पुढची चाकं मागे टाकून बघा. थरथरीनं जागा बदलली तर चोर सापडला.

शाफ्टसाठी गाडी सपाट जागी, चाकांना दगड, किल्ली खिशात. शाफ्ट पिळून बघा. जरासा फिरणारच, तो गिअरचा खेळ. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा, खडखडत असेल, त्याच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी असेल किंवा शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेरिंगचं रबर फाटलं असेल तर बदला. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवल्यानंतर रिकामी गाडी थरथरते आणि लोड भरला की शांत होते? मग शाफ्टचा कोन बिघडलाय.

आमचं दुखणं वेगळंच निघालं. पूर्वी क्रॉस बदलायला शाफ्ट उतरवला, तेव्हा स्लाइडिंगचे, म्हणजे शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकतात तिथले, दाते चुकवून बसवले होते. एका क्रॉसचा हिसका दुसरा खाऊन टाकतो, पण त्यासाठी दोन्हीकडचे क्रॉस धरणारे कान एका रेषेत लागतात. आमचे तिरपे होते. काढून सरळ बसवले, अर्ध्या तासात काम झालं. आता शाफ्ट उतरवायचा म्हटलं की आधी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या पेंटची रेघ मारतो. खडूची ग्रीसनं पुसली जाते.