फ्लॅटमधला लॅब्रॅडॉर: तोंडाला काम, पोटाला माप

लॅब्रॅडॉर हा मुळात कोळ्यांचा कुत्रा. न्यूफाउंडलंडच्या थंडगार पाण्यातून गळावरून सुटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर तो तोंडात धरून आणायचा. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांनी त्याला बंदुकीने पाडलेले पक्षी न चुरगाळता आणून द्यायला तयार केलं, आणि १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. ठाण्यात घोडबंदर रोडवर बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यालाही हे माहीत असलेलं बरं, कारण चपला, सोफ्याची कड आणि पाहुण्यांचं मनगट यांच्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात. या कुत्र्याला तोंडात काहीतरी हवंच असतं. ते तुम्ही दिलं नाही तर तो स्वतः शोधतो.

म्हणून पहिलं शिक्षण ‘बस’चं नको, ‘आण’ आणि ‘सोड’चं द्या. जुन्या टॉवेलची घट्ट वळकटी करून ती शिवून टाका. मोजे नकोत, लॅब्रॅडॉर मोजे गिळतो आणि मग आतड्याचं ऑपरेशन करावं लागतं. सगळ्या खोल्यांची दारं बंद करून पॅसेजमध्ये वळकटी दोन-तीन मीटरवर घरंगळत सोडा. पिल्लाने ती उचलली की तुम्ही पाठ करून उलट दिशेला चालू लागा. ते मागे येतंच. जवळ आलं की नाकासमोर खाऊ धरा, तोंड उघडताना ‘सोड’ म्हणा, आणि लगेच वळकटी परत फेका. पाच-सहा फेऱ्या झाल्या, की त्याचा उत्साह असतानाच थांबा आणि वळकटी कपाटात ठेवा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पिल्लामागे धावलात तर त्याच्या लेखी तो पकडापकडीचा खेळ होतो, आणि पुढे तेच रिमोट घेऊन पलंगाखाली जातं. तोंडातून वस्तू हिसकावली तर ते घट्ट धरायला किंवा पटकन गिळायला शिकतं. चार ते सहा महिन्यांच्या काळात दात बदलतात, तेव्हा चावणं वाढतं. ओला करून फ्रीझरमध्ये गोठवलेला जाडसर रुमाल समोर बसून चघळायला द्या. घरात हे पक्कं झालं की वळकटी लपवून शोधायला लावा. दहा मिनिटं नाकाने शोधणं या जातीला चांगलंच दमवतं. मे महिन्यात किंवा मुसळधार पावसात बाहेर पडता येत नाही, तेव्हा हाच व्यायाम.

आता पोट. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की जवळपास चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे अन्नाच्या मागे जास्त लागतात. तेव्हा ‘बघा ना, भुकेला दिसतोय’ हा पुरावा धरू नका. तो कायमच तसा दिसतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉरना जन्मभर जोडीने सांभाळलं होतं; जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं मिळालं. कमी खाणारे सुमारे १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले.

२८ ते ३० किलोच्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० ते ३५० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं, दोन वेळांत विभागून. वाटीने नव्हे, वजनकाट्यावर मोजा. शिकवताना दिलेला खाऊ त्यातूनच वजा करा. चार महिन्यांपर्यंत पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहापर्यंत तीन वेळा द्या. तळवा बरगड्यांवर फिरवा: हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. दूध-पोळीवर वाढवलेलं पिल्लू गुबगुबीत होतं, पण त्याला प्रथिनं कमी पडतात. उलट टोक म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लांच्या तयार खाद्यावर वरून कॅल्शियमचं सिरप. त्याने हाडं मजबूत होत नाहीत, वाढच वाकडी होते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून बंद करा. चोरून देणारे बहुधा तेच असतात.

नव्या इमारतींमधल्या गुळगुळीत टाइल्स पिल्लाच्या खुब्यांना वाईट. मागचे पाय फाकून घसरणं रोजचं झालं, तर आधीच सैल असलेला खुबा आणखी बिघडतो. त्याच्या वाटेवर रबरी चटया घाला, पंजांच्या गाद्यांमधले केस कापा आणि ते वर्षाचं होईपर्यंत जिन्यावरून धावायला देऊ नका.

फिरायची वेळ सकाळी साडेसहाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. खाडीकाठच्या दमट हवेत धापा टाकूनही अंग नीट थंड होत नाही, त्यात दुहेरी केसांचा कोट. पण तो भादरू नका. नियमित विंचरून मेलेले केस काढणं पुरे. उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर परत फिरा. जोरात धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटणं दिसलं की सावलीत आणून नळाचं पाणी सर्वांगावर ओता, पंखा लावा, मग डॉक्टरकडे निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, खालची उष्णता कोंडते. येऊरच्या जंगलाकडे पहाटे किंवा तिन्हीसांजेला नेऊ नका, तिथे बिबट्याचा वावर आहे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि तो माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, रेबीजबरोबर तीही विचारून घ्या. फिरून आल्यावर बोटांमधली जागा, काखा आणि कानाच्या पाळ्या कोरड्या पुसा. लोंबते कान ओले राहिले की आत बुरशी धरते: आंबूस वास, तपकिरी मळ, सतत डोकं झटकणं. आठवड्यातून एकदा डॉक्टरने दिलेलं कानाचं द्रावण घालून, मुळाशी चोळून, कापसाने पुसा. बड आत घालू नका.

गोचीड अंगावरून काढून काम संपत नाही. आपल्याकडची तपकिरी गोचीड भिंतींच्या फटीत अंडी घालते, म्हणून औषध कुत्र्याला आणि फवारणी घराला, दोन्ही एकाच वेळी हवं. कुत्रा घराबाहेर ठेवून फवारा आणि जागा पूर्ण वाळली की मगच आत घ्या. गोळी महिन्याची की तीन महिन्यांची हे डॉक्टर वजन पाहून सांगतील. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका. ताप, अन्नावरून उठणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहासारखी लघवी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. लॅब्रॅडॉरने जेवण सोडणं ही साधी गोष्ट नाहीच.

एकटेपणा त्याला सोसत नाही. राखणीसाठी घेत असाल तर दुसरी जात बघा. हा चोराला वळकटी आणून देईल. दोघंही सकाळची लोकल पकडून रात्री परतणार असतील, तर दुपारी घरी येऊन फिरवणारा माणूस आधी ठरवा आणि पिल्लू मग आणा. तेही आठ आठवड्यांच्या आतलं नको. महापालिकेचा परवाना काढून ठेवा. सोसायटीने लिफ्टवरून अडवलं, तर पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना कमिटीला दाखवा, आणि खाली जाताना पट्टा व विष्ठा उचलायची पिशवी न विसरता बरोबर घ्या.